परका टाका

टाच झिजली म्हणून आणली होती.
तानाप्पानं डावी चप्पल उलटी केली,
अंगठ्यापाशी नख फिरवलं
आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"ह्यो टाका कुणाचा ओ, अण्णा?
आपल्यातला न्हाई ह्यो."

लांबचा आहे, म्हणालो.
"लांबचा म्हंजे? निपाणी?"

निपाणीच्या पुढं, तानाप्पा.
निपाणीच्या पुढं बराच समुद्र आहे.

रेवतीनं नेलं होतं. सतरा दिवस जहाजावर,
गळ्यात खोलीचं कार्ड, बालवाडीतल्या पोरासारखं.
अकरा प्रकारचे पाव, पोहायला हौद, रात्री बाजा.
सगळं होतं. फक्त जमीन नव्हती.
मग एका सकाळी डोंगर दिसला,
डोंगरभर घरं, लाल, पिवळी, निळी,
रंगपंचमीनंतर अंघोळच न केलेली.
वाल्पराइसो.
तानाप्पानं ते नाव तोंडात घोळवलं
आणि सुपारीसारखं गालात ठेवून दिलं.

पाचच्या आत परत यायचं,
जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही.
पायऱ्या, पायऱ्या. जोतिबाला नसतील इतक्या,
आणि वर देव नाही.
वर नुसते वाळत घातलेले कपडे
आणि एक लंगडं कुत्रं, आपणहून वाटाड्या झालेलं.
जावई फोटो काढत होता.
तेवढ्यात अंगठा तुटला.

एक चप्पल पायात, एक हातात.
तेहतीस वर्षं मार्केट यार्डात
गुळाच्या रव्यांची वजनं लिहिली मी,
तिथं हमालसुद्धा अण्णा म्हणून वाट देतात,
आणि इथं चढावर एका पायावर उभा,
बगळ्यासारखा.

जिन्याखालच्या फटीत एक म्हातारा होता.
रेडिओ, पाण्याचा डबा, ऐरण, रापी.
"रापी आपल्यासारकीच?"
तशीच. मूठ थोडी जाड.
त्यानं आधी कातड्याचा वास घेतला.
मग मान हलवली, कुणाला तरी ओळखल्यासारखी,
आणि बसला शिवत. भाषा नव्हतीच मधे,
त्यामुळं कामात खोळंबा झाला नाही.
पैसे पुढं केले तर हात जोरात हलवला, माशी वारावी तसा.
मग खिशात हात घातला मी.
जहाजावरच्या गोडाची मला शिसारी,
कागदात कागलचा गूळ बांधून फिरत होतो.
खडा दिला. त्यानं डाव्या हातानं घेतला,
मला ते जरा खटकलंच,
जिभेवर ठेवला, डोळे मिटले, म्हणाला,
चांकाका.

मला ऐकू आलं, छान, काका.
मीही वाकून म्हणालो, आभारी आहे.
रेवती हसत सुटली. फोनमध्ये बघून म्हणाली,
बाबा, इथं गुळालाच म्हणतात तसं.

मी पायरीवर बसलो, तानाप्पा.
ज्याचा रोजचा भाव माझ्या अक्षरात निघाला
त्याला पृथ्वीच्या त्या टोकाला दुसरं नाव होतं,
वेगळी कढई, वेगळा चुलवाणवाला,
आणि यार्डात कुणी कधी बोललं नाही.
खाली भोंगा वाजला. जहाजाचा.
कुत्रं धक्क्यापर्यंत सोडायला आलं.

तानाप्पा दोरा ताणून बघत होता.
"कोळ्याचा दोरा ह्यो, जाळ्याचा.
कातडं सडंल, ह्यो न्हाई हलायचा.
पर टाके समदे उलटे पडल्यात."
त्यानं चप्पल उजेडात धरली.
"डावखुरा हुता का ओ गडी?"

मी गप्प राहिलो.
त्या फटीत तासभर मी होतो,
आणि माणूस दिसला याला.

"उसवून नवा घालू?"
नको.
"न्हाईच घालत. कुणाचं काम मोडू नये."
टाच बसवली, खिळे ठोकले, तेलाचं बोट फिरवलं.
"त्यानं कायबी घेतलं न्हाई म्हंता?"
नाही.
"त्याचं बरं हाय. तुमी काय पुन्यांदा जात न्हाई तितं.
मी हितंच हाय. चाळीस द्या."

दिले.
चप्पल लाइनीतून चालत निघालो.
डावी अजून जरा घट्टच आहे.